लिस्बन दोघींत: उंची एकदाच विकत घ्या, बाकी दिवस उतरत बघा

प्रश्न असा आहे. दोन मैत्रिणी, एक जर्मनीत शिकते आणि दुसरी पुण्याहून येणार. ऑक्टोबरच्या अखेरीस शुक्रवारी रात्री लिस्बनला पोचायचं, मंगळवारी रात्री निघायचं. चार रात्री, चार पूर्ण दिवस. राहण्याचा खर्च सोडून दिवसाला माणशी ३५ युरो. एक शाकाहारी, दुसरी मासे खाते. जुनं शहर नीट बघायचं आहे, धावपळ नको.

३५ युरोत हे बसतं, आणि चांगलं बसतं. पण आधी या शहरात पैसा कुठे गळतो ते समजून घ्या. लिस्बन टेकड्यांवर वसलेलं आहे. नकाशावर दहा मिनिटांचं दिसणारं अंतर प्रत्यक्षात शंभर-दीडशे पायऱ्यांचं निघतं. माणूस दमला की समोर दिसेल त्या टुकटुकमध्ये बसतो, समोर दिसेल त्या टेबलावर जेवतो आणि सावलीसाठी समोर दिसेल ते तिकीट काढतो. बजेट मोडतं ते असं, थकव्यामुळे. म्हणून प्रत्येक दिवस उंचीप्रमाणे आखा: सकाळी एकदा ट्रॅम, बस किंवा सरकत्या जिन्याने टेकडीच्या माथ्यावर जायचं आणि मग दिवसभर पायी उतरत नदीपर्यंत यायचं. हे एक सूत्र पाळलंत तर दिवसाचे आठ-दहा युरो आणि गुडघे दोन्ही वाचतील.

निघण्यापूर्वीची कामं. पुण्याहून येणारीला शेंगेन व्हिसा लागेल. प्रौढांसाठी फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, शिवाय व्हिसा केंद्राची सेवा फी वेगळी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा हवा. जर्मनीत शिकणारीने पासपोर्ट आणि जर्मन रेसिडेन्स परमिटचं कार्ड दोन्ही जवळ ठेवावं. विद्यार्थी ओळखपत्रही घ्या, काही संग्रहालयांत सवलत मिळते. पोर्तुगालचं घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं आणखी एक तास मागे जातात, म्हणजे आदल्या दिवशी पावणेसातच्या सुमारास होणारा सूर्यास्त दुसऱ्या दिवशी पावणेसहाला होतो. तुमचे दिवस नेमके त्या रविवारच्या आसपास पडत असतील, तर संध्याकाळी बघायच्या जागा तासभर अलीकडे ओढा.

राहण्याची जागा. बायशा आणि अल्फामा हे मधोमधचे भाग महाग, आणि अल्फामात चाकांची बॅग घेऊन जाणं ही शिक्षाच. तुमच्यासाठी अंजुश, आरोयुश, अलामेडा हे भाग बरे. तिन्ही मेट्रोच्या हिरव्या मार्गावर आहेत, मध्यवस्तीपासून चार-सहा स्टेशनं लांब, आणि तिथली किराणा दुकानं, खानावळी रोजच्या राहणाऱ्या लोकांच्या दराची. बुकिंग करण्यापूर्वी पत्ता नीट वाचा, तो बरंच काही सांगतो. 'रुआ' म्हणजे रस्ता. 'कालसादा' असेल तर बहुधा चढाचा दगडी रस्ता, 'एश्कादिन्याश' म्हणजे सरळ पायऱ्या आणि 'बेकु' म्हणजे बोळ. पत्त्यात पुढे '३ एश्क' असं असेल तर तिसरा मजला, डावं दार. 'द्त' म्हणजे उजवं. जुन्या इमारतींत लिफ्ट क्वचितच असते, तेव्हा मजला विचारून घ्याच.

दोघी असल्यावर हॉस्टेलमधली दोन बेड्स आणि साध्या गेस्टहाऊसमधली दोन पलंगांची खोली यांचे भाव समोरासमोर ठेवून बघा. फरक बऱ्याचदा वाटतो त्यापेक्षा कमी असतो. खोलीसोबत स्वयंपाकघर वापरायला मिळत असेल तर खोलीच घ्या, कारण रात्रीच्या जेवणात तो फरक भरून निघतो. शहराचा पर्यटक कर सप्टेंबर २०२४ पासून माणशी, रात्रीला ४ युरो आहे. तुमच्या दोघींच्या चार रात्रींचे ३२ युरो होतात. तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसेल तर पोचल्यावर मागतात, म्हणून आधीच बाजूला काढा.

आता कार्ड. मेट्रो स्टेशनवरच्या यंत्रातून 'नाव्हेगांत' कार्ड घ्या. नुसत्या कार्डाचे अर्धा युरो, त्यावर पैसे किंवा तिकीट भरायचं. इथे दोघीजणी असलेले लोक हमखास चुकतात. एक कार्ड दोघींना चालत नाही, प्रत्येकीचं वेगळं लागतं. दुसरी चूक म्हणजे एकाच कार्डावर दोन प्रकारचं तिकीट भरायला जाणं. कार्डावर 'झॅपिंग' म्हणजे सुटी शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत त्याच कार्डावर २४ तासांचं तिकीट भरता येत नाही, आणि उलटही. यंत्र नुसतं नकार देतं आणि मागची रांग चुळबुळत राहते. तुम्हाला दोन्ही लागणार असतील तर अर्धा युरो खर्चून दुसरं कार्ड घ्या आणि कोणत्या कार्डावर काय आहे ते पेनाने लिहून ठेवा, कारण दिसायला ती हुबेहूब सारखी असतात. मेट्रोत शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा कार्ड लावावं लागतं, तेव्हा ते बॅगेच्या तळाशी टाकू नका.

झॅपिंग की २४ तासांचं तिकीट? हिशेब सोपा आहे. झॅपिंगने मेट्रोची किंवा बसची एक फेरी साधारण पावणेदोन युरोंना पडते, २४ तासांचं मेट्रो-बस-ट्रॅमचं तिकीट सातच्या आसपास. म्हणजे दिवसात चार फेऱ्यांपर्यंत झॅपिंग, पाचवी फेरी होणार असेल तर २४ तासांचं. तुम्ही उतरत फिरणार आहात, तेव्हा बहुतेक दिवशी दोन-तीन फेऱ्यांतच काम होईल. झॅपिंगचा दुसरा फायदा म्हणजे ते नदीपलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीत आणि सिंत्रा या शहराबाहेरच्या महालांच्या गावी जाणाऱ्या लोकल गाडीतही चालतं. २४ तासांच्या साध्या तिकिटात या दोन गोष्टी येत नाहीत. ट्रॅममध्ये चढून चालकाकडे रोख पैसे देऊन तिकीट घेतलंत तर तीन युरोंच्या वर जातात, म्हणून कार्डाशिवाय ट्रॅममध्ये पाऊल टाकू नका.

विमानतळावरून मेट्रोचा लाल मार्ग थेट सुटतो. अलामेडाला हिरव्या मार्गावर बदलायचं. मेट्रो रात्री एकपर्यंत असते. तुमचं विमान उशिरा उतरलं तर ॲपवरून टॅक्सी बोलावणं दोघींत परवडतं. आगमन दारापाशी येऊन 'टॅक्सी?' विचारणाऱ्यांबरोबर जाऊ नका.

शनिवार: ग्रासापासून खाली

शनिवारी सकाळी मार्तीं मोनिश चौकात या. पिवळी २८ नंबरची ट्रॅम इथून सुटते. ही ट्रॅम लाकडी बाकांची, १९३० च्या दशकातल्या बांधणीची आहे, आणि रूळ फक्त ९०० मिलिमीटर रुंदीचे, म्हणून ती अल्फामाच्या बोळांतून वळू शकते. प्रसिद्ध आहे आणि त्याच कारणाने साडेनवानंतर तासाभराची रांग लागते. आठच्या आधी पोचलात तर बसायला जागा मिळते. उशीर झाला तर रांगेत उभं राहू नका, ७३४ नंबरची बस घ्या, ग्रासाच्या टेकडीपर्यंत तीही चढते. २८ चाच अनुभव हवा असेल तर दुसऱ्या टोकाहून, कांपु द ओरीककडून चढा, किंवा २४ नंबरच्या ट्रॅमने जा. गाडी तशीच, गर्दी कमी. गर्दीच्या ट्रॅममध्ये पाकीटमारांचं ठरलेलं तंत्र आहे: दारापाशी एकजण वाट अडवतो, मागचा रेटा देतो आणि त्या क्षणी पिशवीची चेन उघडली जाते. पाठीवरची बॅग पोटावर घ्या, फोन हातात नको.

ग्रासाला उतरलात की पाच-सात मिनिटांवर सेन्योरा दु मोंत ही गच्ची आहे. लिस्बनमध्ये अशा जागांना 'मिरादोरु' म्हणतात, आणि शहराचं खरं वैभव यांतच आहे. सगळ्या फुकट. इथून किल्ला, नदी आणि पूल एका नजरेत येतात. साऊं जोर्ज किल्ल्याचं तिकीट पंधरा युरोंच्या पुढे आहे. आत मुख्यतः तटबंदी आणि दृश्य मिळतं. माझं स्पष्ट मत आहे की तुमच्या बजेटात किल्ला सोडा, त्याच टेकडीवरचं दृश्य चार ठिकाणांहून फुकट आहे.

तिथून उतरत कांपु द सांता क्लाराला या. मंगळवार आणि शनिवार इथे 'फैरा दा लाद्रा' हा जुना बाजार भरतो. फुटके अझुलेजु म्हणजे निळ्या टाइल्सचे तुकडे, पितळी कड्या, जुनी नाणी, पोस्टकार्डं. खऱ्या जुन्या टाइल्स कित्येकदा इमारतींवरून चोरून काढलेल्या असतात, तेव्हा त्या घेऊ नका. आठवण हवी असेल तर नव्या, हाताने रंगवलेल्या घ्या. बाजाराला लागूनच पांढऱ्या घुमटाचं सांता एंग्रासिया चर्च दिसेल. १६८२ मध्ये काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. लिस्बनकर रेंगाळलेल्या कामाला आजही 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात.

पुढे पोर्ताश दु सोल आणि सांता लुझिया या दोन गच्च्या. सांता लुझियाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर टाइल्सची दोन चित्रं आहेत. एकात नदीकाठचा मोठा चौक १७५५ च्या भूकंपाआधी कसा दिसायचा ते आहे. ते दोन मिनिटं थांबून बघा, कारण थोड्या वेळाने तुम्ही खाली त्याच चौकात उभ्या असाल आणि त्यातली एकही इमारत तिथे नसेल.

इथून अल्फामाच्या पायऱ्या उतरायला लागा. नकाशा बंद करा, 'खाली' ही एकच दिशा पुरते, नदी चुकणार नाही. पायाखालचे पांढऱ्या चुनखडीचे छोटे चौकोनी दगड म्हणजे 'कालसादा पोर्तुगेझा'. शतकभराच्या चालण्याने ते गुळगुळीत झालेत, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पाऊस सुरू होतो. ओल्या कालसादावर चामड्याचे किंवा गुळगुळीत तळव्याचे बूट घातलेला माणूस आपटतोच. रबरी, खाच असलेले तळवे हवेत. नवे बूट तर अजिबात नकोत.

खाली आलात की बायशा. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला. लोक चर्चमध्ये होते, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. भूकंपामागून नदीतून त्सुनामी आली, आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. राजाचा मंत्री मार्केश द पोंबालने नंतर हा भाग काटकोनात नव्याने बांधला. भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला, जेणेकरून इमारत हलली तरी कोसळू नये. त्याची परीक्षा नमुन्याभोवती सैन्य दणदणत चालवून घेतली, असं सांगतात. रस्त्यांना धंद्यांची नावं दिली: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता.

या भूकंपाचा अर्थ पुस्तकापेक्षा एका चर्चमध्ये जास्त कळतो. रोसिऊ चौकाच्या कोपऱ्यावर साऊं दोमिंगुश आहे, तिकीट नाही. बाहेरून ते साधं दिसतं, पुष्कळ लोक समोरच्या ठेल्यावर जिंजा ही चेरीची दारू पिऊन तसेच पुढे जातात. तुम्ही आत जा. डोळे अंधाराला सरावले की खांब दिसायला लागतात: ढलप्या उडालेले, कडा वितळल्यासारखे गोल झालेले, जागोजागी काळे पडलेले. हे चर्च १७५५ मध्ये कोसळलं, पुन्हा बांधलं, आणि १९५९ मध्ये आतून जळून गेलं. १९९४ मध्ये उघडताना छत नवं करून विटकरी रंगाचं केलं, पण खांब मुद्दाम तसेच ठेवले. हाताच्या अंतरावरून दगड बघा, आगीने त्याचे पापुद्रे निघालेले दिसतात. १५०६ मध्ये इथूनच ज्यूंची कत्तल सुरू झाली. बाहेरच्या चौकात तिचं स्मारक आहे. लिस्बनमध्ये एकच वास्तू बघायला वेळ असेल तर मी ही सांगेन.

रविवार: पश्चिमेची टेकडी आणि नदी

दुसऱ्या बाजूची टेकडी म्हणजे शियादू आणि बाइरु आल्तु. इथे चढायला लोक सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टसाठी रांग लावतात. १९०२ ची, ४५ मीटर उंच, सुंदर आहे, पण सुटं तिकीट पाच-सहा युरोंचं आणि रांग मोठी. त्याऐवजी बायशा-शियादू मेट्रो स्टेशनच्या खालच्या, रुआ दु क्रुसिफिशुच्या दारातून आत शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वर या. तिकिटाच्या फाटकातून जावंच लागत नाही. चार-पाच जिने चढून थेट शियादू चौकात निघता, एक पैसा न देता. तिथून चालत कार्मूच्या चौकात जा. छत उडालेलं कार्मूचं चर्च, नुसत्या कमानी आभाळाला टेकलेल्या, हाही १७५५ चाच वारसा. आतलं संग्रहालय रविवारी बंद असतं, पण कमानी बाहेरूनही दिसतात. त्याच्या बाजूच्या वाटेने सांता जुस्ता लिफ्टच्या वरच्या पुलावर फुकट जाता येतं. लोक खाली रांगेत उभे असतात ते इथे यायलाच.

ग्लोरिया, बीका आणि लाव्रा हे उतारावरचे जुने फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढले जाणारे डबे, तुम्ही चित्रांत पाहिले असतील. ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरियाचा डबा सुटून भीषण अपघात झाला, १६ माणसं गेली. त्यानंतर बाकीचेही तपासणीसाठी थांबवले. त्यांच्यावर तुमची वाट बेतू नका. चालू असतील तर बघा, नसतील तर मघाशी सांगितलेल्या सरकत्या जिन्यांनी काम होतंच. किल्ल्याच्या बाजूलाही अशीच फुकट सोय आहे: रुआ दुश फांकैरुशवरून एक सार्वजनिक लिफ्ट वर नेते, आणि पुढे शाऊं दु लोरैरुच्या सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट थेट किल्ल्याच्या पायथ्याशी सोडते.

शियादूवरून थोडं वर साऊं रोकचं चर्च आहे. बाहेरून अगदी साधं, जेझुइटांचं. आत डावीकडे संत जॉनचं चॅपेल बघा. राजा पाचव्या जुआऊंने ते १७४० च्या दशकात रोममध्ये बनवून घेतलं, पोपने त्यात प्रार्थना केली, मग सुटं करून तीन जहाजांतून लिस्बनला आणलं आणि पुन्हा जोडलं. चित्रं म्हणून जी दिसतात ती रंगीत दगडाची मोझॅक आहेत, जवळ जाऊनही पटकन ओळखू येत नाहीत. सॅक्रिस्टी, म्हणजे पूजेचं साहित्य ठेवायची खोली, उघडी असेल तर तिथे फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यावरची वीस चित्रं आहेत, आंद्रे रेनोझु या चित्रकाराची. जुन्या गोव्यात बों जेझुच्या चर्चमध्ये ज्यांचं शव आहे तेच हे. ते १५४१ मध्ये याच शहरातून निघाले आणि वर्षभराने गोव्याला पोचले. रविवारी प्रार्थना असतात, तेव्हा वेळ बघून जा आणि चालू प्रार्थनेत फिरू नका.

समोरच साऊं पेद्रु द आल्कांतारा ही गच्ची. ती पूर्वेकडे, किल्ल्याकडे तोंड करून आहे, म्हणून उन्ह मावळताना किल्ला सोनेरी होतो. फोटो हवा असेल तर इथे संध्याकाळी या. पोर्ताश दु सोलचा फोटो सकाळचा, सेन्योरा दु मोंतचा सूर्यास्ताचा. दिशा लक्षात ठेवल्यात तर चुकीच्या वेळी चढून पांढुरका फोटो घेऊन परतण्याची वेळ येत नाही.

दुपारी बीकाच्या उतारावरून काइश दु सोद्रे या नदीकाठच्या धक्क्यावर या आणि झॅपिंगने कासिल्याशची फेरीबोट घ्या. तिकीट दीड युरोच्या आसपास, दहा मिनिटांचा प्रवास. मांडवीवरून बेतीला जाणाऱ्या बोटीची आठवण यावी अशीच रोजच्या माणसांची बोट. पर्यटकांच्या क्रूझना याच नदीत वीस-पंचवीस युरो घेतात. सगळी लिस्बन नगरी टेकड्यांवर रचलेली कशी दिसते ते या पाण्यावरूनच कळतं. पलीकडे उतरून लगेच परतलात तरी चालेल.

जेवणाचं गणित

दुपारचं जेवण बाहेर, रात्रीचं घरी किंवा हलकं. दुपारी छोट्या खानावळींत, ज्यांना 'ताश्का' म्हणतात, 'प्रातु दु दिया' म्हणजे त्या दिवशीची थाळी साधारण ९ ते १२ युरोंत मिळते. बाहेर कागदावर हाताने लिहिलेली यादी असते, आणि साडेबारा ते दोनमध्ये जावं लागतं, नंतर ती संपते. सहा भाषांतलं फोटोंचं मेन्यूकार्ड घेऊन कुणी रस्त्यात बोलावत असेल, तर तिथे जाऊ नका.

टेबलावर बसलात की न मागता पावाची टोपली, ऑलिव्ह, चीजचा तुकडा, कधी माशाच्या पेस्टची डबी येते. हे 'कुव्हेर'. फुकट वाटतं, पण प्रत्येक वस्तूचा दर मेन्यूत शेवटी बारीक अक्षरांत असतो आणि बिलात पाच-सात युरो सहज वाढतात. पोर्तुगालच्या कायद्यानुसार न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या कुव्हेरचे पैसे लावता येत नाहीत. नको असेल तर आल्याबरोबर 'नाऊं, ओब्रिगादा' म्हणून परत द्या. कुणाला राग येत नाही. एक ऑलिव्ह तोंडात टाकलात की वाटीचे पैसे लागले. खायची इच्छा असेल तर नुसता पाव ठेवून घ्या.

दोघींना उपयोगी पडणारा शब्द 'मेया दोझ', अर्धा वाटा. 'दोझ' म्हणजे पूर्ण वाटा, आणि तो बहुतेक ताश्कांत दोघांना पुरतो. पण तुमच्यात एक शाकाहारी आहे, म्हणून मासे खाणारीने मेया दोझ मागावा, आणि शाकाहारी मैत्रिणीने सूप, सॅलड, भात-घेवडा आणि अंडं चालत असेल तर आमलेट यांतून जुळवावं. 'सोपा दु दिया' बहुधा भाज्यांचं, दाट, दोन-तीन युरोंचं आणि पोटभरीचं असतं. तरी 'लेव्ह कार्न?' म्हणजे यात मांस आहे का, हे विचाराच. 'काल्दु व्हेर्द' हे हिरवं सूप वरून शाकाहारी दिसतं, पण त्यात शोरिसु या सॉसेजची चकती घालतात. चकती काढून दिली तरी चव उतरलेलीच असते. 'सें कार्न, सें पैश' म्हणजे मांस नको, मासा नको. दोन्ही म्हणा, कारण नुसतं 'मांस नको' म्हटलं तर ट्यूना घातलेलं सॅलड येतं. पेस्ट्रीच्या काचेमागे 'शामुसा' दिसेल, तो आपला समोसाच, गोव्यामार्गे गेलेला. तो बहुतेक वेळा खिम्याचा असतो, विचारून घ्या.

मेन्यू वाचताना मराठी कामी येते, हे ऐकून नवल वाटेल. 'बताता' म्हणजे बटाटा, 'पाऊं' म्हणजे पाव, 'अनानाश' म्हणजे अननस, 'काजू' म्हणजे काजू. 'कोव्ह' हा कोबीचा मूळ शब्द, मात्र तिथे तो हिरव्या पानांच्या भाजीलाही लागतो. खोलीची 'शाव्ह' म्हणजे चावी, 'साबाऊं' म्हणजे साबण, 'मेझा' म्हणजे मेज. आणि 'पगार' म्हणजे पैसे देणं: बिल द्यायचं असेल तर काउंटरवर 'केरिया पगार' म्हणा, समोरचा लगेच समजतो.

कॉफी उभ्याने काउंटरवर प्या. छोटी काळी कॉफी म्हणजे 'बीका', दुधाची 'मेया द लेत' किंवा काचेच्या पेल्यात 'गालाऊं'. बाहेरच्या खुर्चीवर, 'एश्प्लानादा'त बसलात की तीच कॉफी महाग होते. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. रात्रीसाठी सुपरमार्केटचा तयार पदार्थांचा काउंटर चांगला. मोरारियातल्या रुआ दु बेन्फोर्मोझुवर भारतीय, बांगलादेशी किराणा आहे, डाळ-तांदूळ-मसाला सगळं मिळतं. तेल्हैराशजवळच्या हिंदू मंदिरात शाकाहारी जेवणाची कँटीन आहे. तिथला समाज मुख्यतः मोझांबिकहून आलेल्या गुजरात्यांचा. जाण्याआधी वेळ फोन करून विचारा.

पैसे काढायचे तर 'मुल्तिबांकु' लिहिलेलं बँकेचं एटीएम बघा. पर्यटन भागातली निळी-पिवळी एटीएम भरमसाट दर लावतात. यंत्र 'तुमच्या चलनात दर ठरवू का' असं विचारेल तेव्हा नकार द्या. काही ताश्का परदेशी कार्ड घेत नाहीत, म्हणून तीस-चाळीस युरो रोख असू द्या.

सोमवार आणि मंगळवार

सोमवारी जेरोनिमुशचा मठ आणि बरीच सरकारी संग्रहालयं बंद असतात, म्हणून सोमवार सिंत्राला द्या. रोसिऊ स्टेशनवरून लोकल सुटते, चाळीस मिनिटं, झॅपिंग चालतं. सिंत्रात एकच महाल निवडा, दोन घेतलेत तर दिवसाचं बजेट तिथेच संपेल. पेना महालाच्या आतल्या तिकिटाला ठरलेली वेळ असते, आणि ती महालाच्या दाराची असते. बागेच्या फाटकापासून दारापर्यंत चढून जायलाच अर्धा तास लागतो. लोक वेळेवर फाटकाशी पोचतात आणि दाराशी उशीर होऊन परत फिरतात. तुम्ही तासभर आधी पोचा.

मंगळवारी सामान राहत्या जागी ठेवून पश्चिमेकडच्या बेलें या नदीकाठच्या भागात जा. १५ नंबरच्या ट्रॅमऐवजी काइश दु सोद्रेहून कश्काइशच्या मार्गावरची लोकल घ्या, सात-आठ मिनिटांत पोचते. जलद गाडी बेलेंला थांबत नाही, फलकावर थांबे बघूनच चढा. उघडण्याच्या आधी जेरोनिमुशपाशी उभ्या राहा. इथे दोन रांगा असतात. मठाच्या अंगणाचं तिकीट १८ युरोंच्या घरात आहे, पण चर्चला तिकीट नाही आणि त्याची रांग वेगळी. इंटरनेटवर अजूनही 'रविवारी फुकट' असं वाचायला मिळतं. फुकट प्रवेशाची सवलत पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांनाच आहे. तुमच्या बजेटात चर्च पुरेसं आहे. आत शिरताच डावीकडे वास्को द गामाची कबर, उजवीकडे कवी कामोंइशची. गामा १५२४ मध्ये कोचीला वारला, अवशेष नंतर इकडे आणले. १५०१ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीचा खर्च पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून, मुख्यतः मसाल्यांच्या पैशातून निघाला. मान वर करून छताला टेकलेले ते नक्षीदार खांब बघताना आपल्या किनाऱ्यावरची मिरी त्यात आहे, हे विसरू नका.

जवळच बेलें महालासमोरच्या बागेत उंच खांबावर आफोंसु द आल्बुकेर्कचा पुतळा आहे, १५१० मध्ये गोवा घेणारा. आपल्या हापूसचं नाव त्याच्यावरून आलं असं मानतात. नदीकाठच्या दर्यावर्दींच्या स्मारकासमोर जमिनीवर संगमरवरात पन्नास मीटरची होकायंत्राची रचना आणि जगाचा नकाशा आहे, तो फुकट. त्यात भारताचा किनारा शोधा. बेलेंचा मनोरा २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता. आत जाता आलं नाही तरी फारसं बिघडत नाही, त्याची शोभा बाहेरूनच आहे.

१८३७ पासूनच्या पाश्तेइश द बेलेंच्या दुकानासमोरची रस्त्यावरची रांग घरी न्यायला घेणाऱ्यांची असते. आत मागे शेकडो माणसांची बसायची जागा आहे, तिकडे बहुधा लवकर नंबर लागतो. पाश्तेल म्हणजे कस्टर्ड भरलेली छोटी गोड पेस्ट्री, एक दीड युरोच्या आसपास, त्यात अंड्याचा बलक असतो, मैत्रिणीला आधी सांगा. दालचिनी भुरभुरून गरमच खा. डब्यात घेऊन रात्री विमानात उघडलात तर पापुद्रा मऊ पडलेला असेल.

विमानतळाच्या मेट्रोसाठी दोन्ही कार्डांवर एकेका फेरीचे पैसे दुपारीच बघून ठेवा. संध्याकाळी यंत्रांपुढे सामान घेऊन मोठी रांग असते.